गुडघ्यातलं वंगण गोळ्यांनी परत येतं का?

गुडघा दुखायला लागला की पहिलं निदान डॉक्टरकडे जायच्या आधीच झालेलं असतं, घरातलंच कोणीतरी म्हणून मोकळं होतं की "वंगण संपलंय". हा शब्द फार सोयीचा आहे, कारण त्यात आजारही आला आणि उपायही आला. वंगण संपलं ना, मग वंगण भरा. जॉइंट सप्लिमेंटचा अख्खा धंदा या एका कल्पनेवर उभा आहे असं माझं मत झालंय, आणि ते झालं मावशीमुळे. तिने एक डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "यावर लिहिलंय झीज भरून काढतं म्हणून, तू तेवढं खरं का ते बघून सांग." म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. दोन आठवडे गेले.

तर आधी हे की संपतं ते वंगण नसतं. सांध्यात जो चिकट द्रव असतो तो बहुतेकवेळा असतोच, उलट गुडघा सुजतो तेव्हा जास्तच होतो, "गुडघ्यात पाणी झालंय" म्हणतात ते हेच. झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, कार्टिलेज. जाडी जेमतेम दोन ते चार मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नाही, वेदना पोचवणारी नस नाही, आणि जिवंत पेशी इतक्या विरळ की एकूण आकाराच्या दोनेक टक्केच. बाकी सगळं पाणी, कोलाजेनच्या धाग्यांची जाळी, आणि त्या जाळीत अडकलेले साखरेच्या लांब साखळ्यांचे रेणू जे पाणी धरून ठेवतात. स्पंजासारखं काम चालतं, पाय टेकला की द्रव बाहेर, उचलला की आत, आणि या आतबाहेर करण्यातूनच त्या पेशींना खायला मिळतं कारण रक्त तिथे पोचतच नाही.

आता कातडी कापली तर भरते, हाड मोडलं तर जुळतं, मग हे का नाही भरत? कारण भरून काढायला लागतो तो माल आणि कामगार रक्तातून येतात आणि इथे रस्ताच नाही. ही गोष्ट काही नवीन शोधलेली नाही बरं का, विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लिहून ठेवलंय की कूर्चा एकदा गेली की परत येत नाही. 

पण मला सगळ्यात भारी वाटला तो २०१६ सालचा डेन्मार्कमधल्या संशोधकांचा अभ्यास. १९५० आणि ६० च्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि नंतर हळूहळू कमी होत गेला, आणि त्या काळात जे जे कोणी जगत होते त्यांच्या शरीरात तो कार्बन अन्नातून गेला. म्हणजे शरीराचा एखादा भाग कधी बनला याचा त्यात तारखेचा शिक्काच बसला समजा. यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या गुडघ्यातली कूर्चा घेऊन तो शिक्का वाचला, तर कोलाजेनची जाळी वाढत्या वयात बनलेली निघाली आणि त्यानंतर जवळजवळ बदललेलीच नाही. निरोगी गुडघ्यात नाही आणि झिजलेल्या गुडघ्यातही नाही. पाणी धरणारा साखरेचा भाग मात्र थोडाफार नवा होत राहतो. 

हे एकदा डोक्यात बसलं की डब्यावरचं वाक्य वेगळं दिसायला लागतं. कारण त्या एका वाक्यात तीन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. दुखणं कमी होतं का, हा एक. झीज व्हायचा वेग कमी होतो का, हा दुसरा. आणि गेलेली कूर्चा परत वाढते का, हा तिसरा. जाहिरात बोलते तिसऱ्याबद्दल, अभ्यास झालेत मुख्यतः पहिल्यावर, थोडेफार दुसऱ्यावर, आणि घेणारा माणूस पहिल्याचं उत्तर मिळालं की तिसरंही खरं धरून चालतो. "मला बरं वाटलं म्हणजे आत भरत असणार." नाही हो, तसं नाही.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनवर. कल्पना साधी आहे, कूर्चेतल्या त्या साखरेच्या साखळ्या याच मालापासून बनतात, मग माल तोंडाने पुरवला की तिथे बांधकाम सुरू होईल. ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात, कॉन्ड्रॉइटिन गुराडुकरांच्या कूर्चेतून नाहीतर शार्कच्या. पण ग्लुकोसामाइन शरीर स्वतःच ग्लुकोजपासून बनवतं, त्याची टंचाई असल्यामुळे झीज होते असं काही नाही. घराची भिंत पडली ती विटा संपल्या म्हणून नव्हे, तर गवंडीच नाही म्हणून, आणि आपण अंगणात विटांचा ट्रक रिकामा करतोय. शिवाय प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर ग्लुकोसामाइन टाकून जे छान छान परिणाम दिसले त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत वापरलेलं प्रमाण हे १५०० मिलिग्रॅमची रोजची गोळी खाऊन रक्तात जेवढं पोचतं त्याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त होतं. जाहिरातीत "शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध" असं येतं ना, ते कधीकधी हे बशीतलं असतं.

तरीपण माणसांवरचे अभ्यास काय म्हणतात ते बघायलाच हवं, कारण तर्काने चुकीचं वाटणारं औषधही कधीकधी चालतं. २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, २१२ लोक, तीन वर्षं, अर्ध्यांना ग्लुकोसामाइन सल्फेट आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. खोट्या गोळीवाल्यांच्या गुडघ्यातली गॅप, म्हणजे एक्स-रेत दोन हाडांमध्ये दिसणारी मोकळी जागा, सरासरी ०.३१ मिलिमीटरने कमी झाली आणि ग्लुकोसामाइनवाल्यांची फक्त ०.०६ ने. हा अभ्यास फार गाजला आणि आजही विक्रीच्या कागदांवर तोच फिरतो. पण यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे हे "झीज हळू झाली" असं म्हणतंय, "भरून आली" असं अजिबात नाही. आणि दुसरं, एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही! दिसतात ती दोन हाडं आणि मधली मोकळी जागा, त्या जागेवरून अंदाज बांधायचा. त्या जागेत कूर्चा असते, मधली गादी म्हणजे मेनिस्कसही असते, आणि फोटो काढताना दुखऱ्या माणसाचा गुडघा किती सरळ झाला यावरही ती जागा कमीजास्त दिसते. मिलिमीटरच्या दशांशात भांडण चाललंय आणि मोजपट्टी अशी.

मग अमेरिकेत सरकारी पैशातून मोठा अभ्यास झाला, गेट नावाचा, २००६ साली छापून आला. १५८३ माणसं, पाच गट, चोवीस आठवडे. एकाला ग्लुकोसामाइन, एकाला कॉन्ड्रॉइटिन, एकाला दोन्ही, एकाला सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक औषध, आणि एकाला खोटी गोळी. दुखणं निदान २० टक्क्यांनी कमी झालं तर "फरक पडला" धरायचं. खोट्या गोळीने किती जणांना फरक पडला असेल? ६०.१ टक्के. ग्लुकोसामाइनने ६४, कॉन्ड्रॉइटिनने ६५.४, दोन्ही मिळून ६६.६, आणि सेलेकॉक्सिबने ७०.१. म्हणजे शंभरातल्या साठ जणांना रिकाम्या गोळीनेच बरं वाटलं, आणि सप्लिमेंटचे वरचे चारसहा टक्के नशिबानेही येऊ शकतात इतके कमी. 

याच अभ्यासातला एक आकडा मात्र सगळे उचलतात. ज्यांना जास्त दुखत होतं अशा ३५४ जणांच्या छोट्या गटात दोन्ही एकत्र घेणाऱ्यांपैकी ७९ टक्क्यांना फरक पडला आणि खोट्या गोळीवाल्यांत ५४ टक्क्यांना. हा फरक मोठा दिसतो, मी पण वाचून थांबलो होतो. पण एका मोठ्या अभ्यासाचे इतके तुकडे करून बघितले की एखाद्या तुकड्यात काहीतरी चमकतंच, ते खरं का हे ठरवायला पुन्हा स्वतंत्र अभ्यास लागतो. स्पेनमध्ये १६४ माणसांवर एक झाला, मध्यम ते जास्त दुखणाऱ्यांवरच, आणि त्यात हेच दोन्ही एकत्र देऊन दुखणं १९ टक्क्यांनी कमी झालं तर खोट्या गोळीने ३३ टक्क्यांनी! अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. गेटमधल्या ५७२ जणांना पुढे दोन वर्षं एक्स-रे काढून तपासलं, झीज कमी होण्यात म्हणण्यासारखा फरक कुठल्याच गटात नाही.

ऑस्ट्रेलियातल्या ६०५ लोकांच्या दोन वर्षांच्या अभ्यासात उलट लागलं, दोन्ही एकत्र घेणाऱ्यांची गॅप खोट्या गोळीपेक्षा ०.१० मिलिमीटर कमी घटली, पण दुखण्यात काहीच वेगळेपण नाही. आता बोला. एकीकडे निदान एका छोट्या गटात दुखणं कमी आणि झीज तशीच, दुसरीकडे झीज जराशी हळू आणि दुखणं तसंच.

असं उलटसुलट का येतं? बरंच काही आहे त्यात पण एक गोष्ट सतत दिसते, अभ्यासाचा खर्च कोणी केला यावर निकाल बराच झुकतो. २०१० साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दहा मोठे अभ्यास, म्हणजे ३८०३ रुग्ण, एकत्र करून पाहिले तेव्हा दुखण्यावर किंवा गॅपवर कामाचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही, आणि कंपन्यांपासून स्वतंत्र असलेल्या अभ्यासांत तर तो आणखीच लहान होता. म्हणून की काय, डॉक्टरांच्या संघटनांतही एकमत नाही. अमेरिकेतली संधिवात तज्ज्ञांची संघटना गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन दोन्ही देऊ नका असं ठामपणे सांगते, ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणारी नाइस संस्थाही ग्लुकोसामाइन नको म्हणते, आणि युरोपातला एक तज्ज्ञगट मात्र औषधाच्या दर्जाचं ग्लुकोसामाइन सल्फेट सुरुवातीलाच द्यावं असं म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की हायड्रोक्लोराइड आणि सल्फेट हे ग्लुकोसामाइनचे दोन प्रकार एकच नव्हेत, आणि गेटमध्ये हायड्रोक्लोराइड होतं. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण स्पेनच्या अभ्यासात सल्फेटच होतं.

बरं त्या साठ टक्क्यांकडे परत येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. रिकामी गोळी खाऊन बरं वाटलं म्हणजे ती माणसं वेडी किंवा नाटकी नव्हती. गुडघ्याचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं, काही आठवडे जीव जातो मग आपोआप बरं वाटतं, आणि माणूस औषध कधी सुरू करतो? जीव जातो तेव्हाच. मग त्यानंतर जे काही घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. वर पुन्हा, उपाय सुरू केला की माणूस जरा काळजी घेतो, थोडं चालायला लागतो, काहीतरी करतोय म्हणून मनही हलकं होतं, आणि वेदना जिथे जाणवते तो मेंदू हे सगळं हिशोबात धरतो. म्हणून "मला फरक पडला" हे माणसापुरतं शंभर टक्के खरं असूनही गोळीबद्दल काहीच सांगत नाही.

कोलाजेन पावडरची सध्या जास्त चलती आहे. तिच्यामागचा तर्क विटांच्या ट्रकचाच, फक्त ट्रक मोठा, दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास. कोलाजेन हे प्रथिन, पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, काही अमिनो आम्लं आणि काही दोनतीन कड्यांचे छोटे तुकडे जे रक्तात खरोखर सापडतात. उंदरांत तर खुणा करून दिलेले जिलेटिनचे अंश कूर्चेपर्यंत पोचलेले दिसलेत. पण पोचणं वेगळं आणि विणलं जाणं वेगळं, आणि वर सांगितलं तसं मोठ्या माणसात ती जाळी नव्याने विणायचं काम जवळजवळ बंदच असतं. दुखणं थोडं कमी झाल्याचे काही अभ्यास आहेत, बरेचसे लहान आणि कंपन्यांनी केलेले. दुसरा एक प्रकार मिळतो, न शिजवलेलं टाइप टू कोलाजेन, दिवसाला फक्त ४० मिलिग्रॅम. त्यात माल पुरवायची कल्पनाच नाही, तर आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींना "हे आपलंच आहे, यावर चिडू नका" असं शिकवायची आहे. कल्पना म्हणून मला ही जास्त चतुर वाटते, पुरावा मात्र अजून कच्चा.

हळदीच्या अर्काचं थोडं वेगळं आहे. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ७० जणांवर बारा आठवडे अभ्यास झाला, ज्यांच्या गुडघ्यात सूज आणि पाणी होतं अशांवर, आणि एमआरआय काढून. दुखणं खोट्या गोळीपेक्षा शंभरच्या पट्टीवर साधारण नऊ गुणांनी जास्त कमी झालं. एमआरआयमध्ये मात्र पाणी तेवढंच, कूर्चाही तशीच. पहिल्या प्रश्नाला "हो, थोडंसं", तिसऱ्याला "नाही", इतकं स्वच्छ वेगळं उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही. शल्लकीचंही म्हणजे बोस्वेलियाचंही तसंच, दुखण्यावर बऱ्यापैकी आशा वाटावी असे निकाल आहेत पण अभ्यास छोटे आणि थोड्या काळाचे.

व्हिटॅमिन डी पटकन आटोपतो. दोन मोठे अभ्यास, २०१३ आणि २०१६, दोन्ही दोन-दोन वर्षांचे, एमआरआयसकट, कूर्चेत फरक नाही. शरीरात डी कमी असेल तर हाडांसाठी घ्यावंच, ते वेगळं. फिश ऑइलचा एक दोन वर्षांचा अभ्यास झाला त्यात कमी डोसवाल्यांना जास्त डोसवाल्यांपेक्षा बरं वाटलं, कूर्चा दोघांची सारखीच, आणि क्रिल ऑइलचा, म्हणजे कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जिवांच्या तेलाचा, २०२४ साली २६२ जणांवर झाला तो सपशेल पडला. व्हिटॅमिन सी कोलाजेन बनायला लागतं हे खरं, पण "जास्त घेतलं तर जास्त बनेल" म्हणून गिनीपिगना आठ महिने भरपूर दिलं तेव्हा त्यांचे गुडघे कमी डोसवाल्यांपेक्षा खराब निघाले.

मग कूर्चा वाढवता येतच नाही का? येते, थोडी. स्प्रिफर्मिन नावाचं एक प्रथिन आहे, पेशींना वाढीचा इशारा देणारं, ते थेट सांध्यात टोचतात. ५४९ जणांवरच्या अभ्यासात सगळ्यात जास्त डोसवाल्यांची कूर्चा दोन वर्षांत सरासरी ०.०५ मिलिमीटरने जाड झाली, खोट्या इंजेक्शनवाल्यांची ०.०२ ने पातळ झाली. म्हणजे जगात चाललेल्या सगळ्या खटपटीत जे खरंच चाललं ते सांध्यात सुई घालून, आणि मिळालं किती तर केसाच्या जाडीएवढं. आणि दुखणं? दोन्हीकडे सारखंच कमी झालं. कूर्चेत नस नसतेच, दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे स्नायू. त्यामुळे एक्स-रे भयंकर आणि माणूस टुणटुणीत, किंवा एक्स-रे बरा आणि जिना चढवत नाही, असे दोन्ही प्रकार सर्रास असतात.

हे सगळं वाचून मावशी वैतागली. "मग काहीच करू नको का?" तसं नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवायचं, कारण एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोने हलका होतो, आणि दिवसात पावलं किती पडतात ते मोजा. मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम. कूर्चा यानेही वाढत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, पण दुखणं कमी होतं याचा पुरावा गोळ्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे. "चालून चालून अजून झिजेल" ही भीती मात्र सोडा, स्पंज दाबला गेला नाही तर आतल्या पेशी उपाशीच राहतात ना.

आणि घ्यायचंच असेल तर मी काय म्हणतो, घ्या, बहुतेकांना त्याने इजा होत नाही, फक्त एकावेळी एकच घ्या, पाच घटक एकत्र असलेला डबा नको कारण त्यात कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. सुरू करायच्या आधी दोन आठवडे रोज दुखण्याला दहापैकी मार्क द्या, वहीत लिहा, मग तीन महिने घ्या, मग बंद करा आणि लिहिणं चालू ठेवा. बंद केल्यावर मार्क तेच राहिले तर उत्तर मिळालं. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन अजिबात नको, रक्त गोठण्याची वेळ वाढल्याची उदाहरणं आहेत. हळदीच्या जोरदार अर्कानेही यकृताला सूज आलेली माणसं आहेत, तेव्हा नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे डोक्यातून काढा. कोळंबीची ॲलर्जी असेल तर लेबल वाचा.

मावशीने वही केली आहे. पहिल्या पानावर "डावा ६, उजवा ४" असं लिहिलंय आणि डबा अजून फोडलेला नाही, आधीचे दोन आठवडे संपायचेत.